‘ट्रॅव्हल्ड’मध्ये ‘एल’ किती?

गेल्या वर्षावासातली गोष्ट आहे. आमची मोठी मुलगी तेव्हा नववीत होती. एके दिवशी रात्री आठच्या सुमारास ती क्लासवरून आली, दप्तर कोपऱ्यात टाकले आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आईने जेवायला हाक मारली, उठली नाही. आजीने विचारले, “काय झालं गं लेकरा?” तरी बोलेना. शेवटी धाकट्याने तिच्या दप्तरातून पेपर काढला आणि आमच्या हातात आणून दिला.

इंग्रजी निबंधाचा पेपर होता. विषय, शाळेची अजिंठ्याची सहल. तीन शब्दांभोवती लाल गोल, समासात वजा तीन, आणि खाली शेरा की भूतकाळाची रूपे कच्ची आहेत. पहिला शब्द ‘ट्रॅव्हल्ड’, म्हणजे प्रवास केला. तिने दोन ‘एल’ लिहिले होते, सरांनी एक खोडला होता. दुसरा ‘लर्न्ट’, म्हणजे शिकले. तिने शेवटी ‘टी’ लिहिला होता, सरांनी तो काढून ‘ई-डी’ लावले होते. तिसरा ‘व्हिजिटेड’, भेट दिली. यात तिने ‘टी’ दोनदा लिहिला होता, सरांनी एकदाच ठेवला होता.

वाचकहो, आम्ही काय केले ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आम्ही लाल शाईची बाजू घेतली. “सर शिकलेले आहेत, ते सांगतात ते बरोबर. तिन्ही शब्द पन्नास-पन्नास वेळा लिही,” असे म्हणालो. ती म्हणाली, “पप्पा, शाळेच्या पुस्तकात ‘ट्रॅव्हल्ड’ला दोनच ‘एल’ आहेत.” आम्ही आवाज चढवला. तिने लिहायला घेतले. पन्नास त्रिक दीडशे. लिहिताना वहीवर पाणी पडत होते. आम्ही पाहून न पाहिल्यासारखे केले आणि बातम्या लावल्या.

आता वाटते, त्या रात्री आम्ही मुलीला दटावले नाही, स्वतःलाच दटावले. जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावी आम्ही चौथीत असताना गुरुजींनी गोष्ट सांगायला उभे केले होते. आम्ही सुरुवात केली, “राजाला म्या म्हणलं...” पुढचे वाक्य आलेच नाही. सगळा वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, “म्हणलं नाही, म्हटलं. ही तुमच्या वस्तीची भाषा वस्तीतच ठेवा.” त्यानंतर दहावीपर्यंत आम्ही वर्गात आपण होऊन तोंड उघडल्याचे आठवत नाही. इंग्रजी आम्हांला पाचवीपासून होते. ज्याला मराठीचाच भूतकाळ येत नाही त्याला इंग्रजीचा काय येणार, हे आम्ही मनाशी धरूनच बसलो होतो. पुढे वाळूजला कारखाने वाढले, गावोगावची पोरे इकडे आली, त्यांत आम्हीही आलो. बजाज ऑटोचा कारखाना इथे १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या आधाराने छोटे-छोटे वर्कशॉप उभे राहिले. त्यांतल्याच एकात आम्ही ड्रिलिंगवर लागलो. इंग्रजी अक्षर दिसले की मान खाली घालायची सवय मात्र गेली नाही.

जेवण झाल्यावर मुलीच्या आईने एवढेच विचारले, “अहो, परवा विहारात भंतेजींनी कालामसुत्त सांगितलं, तेव्हा तुम्ही मान हलवत होता ना?”

आम्ही काही बोललो नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कालाम लोकांना तथागतांनी सांगितले होते की, एखादी गोष्ट गुरू सांगतो एवढ्यावरून, किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. मान हलवणे सोपे आहे. पारखायला पुस्तक उघडावे लागते.

रविवारी पेपर खिशात घालून मुलीला घेऊन विहारात गेलो. आमच्याकडे वंदनेनंतर एक निवृत्त गुरुजी मुलांचा वर्ग घेतात. ते मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले आणि पुढे त्याला मिलिंद हे नाव दिले, परिसराला नागसेनवन म्हटले. गुरुजी नेहमी सांगतात, “मिलिंद हा उत्तर देणारा नव्हे, प्रश्न विचारणारा राजा. उत्तरे नागसेन भंतेंनी दिली. कॉलेजला नाव मात्र विचारणाऱ्याचे मिळाले.” त्यामुळे त्यांच्यापुढे प्रश्न न्यायला संकोच वाटत नाही.

गुरुजींनी पेपर वाचला, चष्मा काढला आणि हसले. “हिचे दोन शब्द बरोबर आहेत. एक चुकला आहे. जो चुकला तो का चुकला, ते आधी बघू.”

मग त्यांनी फळ्यावर दवाखान्यातला शब्द लिहिला. ‘अ‍ॅडमिट’. “म्हणून बघ, जोर कुठे पडतो?” मुलगी म्हणाली, “मिटवर.” “म्हणजे शेवटी. शेवटी जोर, एकच स्वर आणि त्याच्यामागे एकच व्यंजन असले, की ‘ई-डी’ लावण्याआधी ते व्यंजन दोनदा लिहायचे. म्हणून ‘अ‍ॅडमिटेड’ला ‘टी’ दोन. आता ‘व्हिजिट’ म्हण.” तिने म्हटले. जोर पहिल्याच अक्षरावर आला, शेवट हलका. “म्हणून ‘टी’ एकच. ‘रिफर’ला जोर शेवटी, ‘आर’ दोन. ‘ऑफर’ला जोर आधी, ‘आर’ एक. स्पेलिंग पाठ करू नको, कानाने ऐक.”

आम्ही मागे बसून ऐकत होतो. तीस वर्षांत कोणी आम्हांला हे असे सांगितले नव्हते. आम्हांला वाटे, अक्षर दुप्पट करणे ही साहेबाची लहर आहे. गुरुजी म्हणाले, “जे शब्द एका दमात म्हणायचे त्यांनाही हाच नियम. तुमच्याच कामातला घ्या, ‘टॅप’.”

इथे मात्र आमचे डोके चालले. आमच्याकडे ड्रिल मारून झाले की भोकाला आटे पाडतात, त्याला टॅपिंग म्हणतात. काम झाले की जॉबकार्डावर ‘टॅप्ड’ लिहायचे. पॅकिंगला खोक्यावर चिकटपट्टी मारतात, तिथे ‘टेप्ड’ लिहायचे. पहिल्यात ‘पी’ दोन, दुसऱ्यात एक. कितीदा तरी आमच्या हातून जॉबकार्डावर एकच ‘पी’ पडला असेल, म्हणजे आटे पाडायच्या जागी आम्ही चिकटपट्टी मारली! सुपरवायझरलाही कळले नाही म्हणून निभावले. तेव्हा वाचकहो, सगळेच स्पेलिंग ‘कसेही चालते’ या जातीचे नसते. काही ठिकाणी एका अक्षराने काम बदलते. पगार दिला याचे ‘पेड’ हेही तसेच. त्यात ‘पी-ए-आय-डी’ एवढेच चालते, मूळ शब्दाला नुसते ‘ई-डी’ जोडून चालत नाही. पगाराच्या बाबतीत तरी सगळे जग एका मताचे आहे.

मग ‘ट्रॅव्हल’ आला. मुलीने लगेच विचारले, “यात जोर पहिल्या भागावर आहे. मग नियमाने ‘एल’ एकच हवा ना?” गुरुजी खूष झाले. “नियमाने एकच हवा. पण ‘एल’ हे अक्षर इंग्लंडात नियमाला जुमानत नाही. ट्रॅव्हल, कॅन्सल, लेबल, लेव्हल, मॉडेल, या सगळ्यांना इंग्लंडात दोन ‘एल’ आणि अमेरिकेत एक. ‘कंट्रोल’मध्ये जोर शेवटी आहे, म्हणून तिथे मात्र दोन्ही देशांत दोन.”

हे असे का, तेही त्यांनी सांगितले. अमेरिका १७७६ साली इंग्रजांपासून स्वतंत्र झाली. त्यांच्यात नोआ वेबस्टर नावाचा एक शिक्षक होता. देश वेगळा झाला, तर लिहिणेही आपले असावे, आणि पोरांना सोपे असावे, असे त्याचे म्हणणे. त्याने १७८३ साली मुलांसाठी स्पेलिंगचे पुस्तक काढले आणि १८२८ साली मोठा शब्दकोश छापला. ‘कलर’मधला ‘यू’ काढला, ‘ट्रॅव्हल्ड’मधला एक ‘एल’ काढला. त्याचे सगळेच चालले असे नाही. जीभ या अर्थाच्या ‘टंग’ शब्दाचे स्पेलिंग त्याने ‘टी-यू-एन-जी’ एवढेच करून पाहिले, ते लोकांनी घेतले नाही. जे घेतले ते तिथे शुद्ध ठरले. आपल्याकडे शाळा, कोर्ट, सरकार इंग्रजांच्या वळणाने आले म्हणून आपण दोन ‘एल’ लिहितो. संगणक आणि मोबाईल अमेरिकेच्या वळणाने आले म्हणून त्यांना एक ‘एल’ आवडतो.

हे ऐकून आम्हांला एक चलन आठवले. आमच्याकडे रद्द केलेल्या चलनावर रबरी शिक्का मारतात, ‘कॅन्सल्ड’. शिक्का जुना, त्यात दोन ‘एल’. हल्ली संगणकही त्याच कागदावर तेच छापतो, त्यात एक ‘एल’. एकाच कागदावर दोन्ही. गेटवरच्या माणसाने कधी हरकत घेतलेली नाही.

‘लर्न्ट’ची गोष्ट आणखी वेगळी. गुरुजी म्हणाले, ‘ई-डी’चा उच्चार सगळीकडे ‘एड’ होत नाही. आपली पोरे ‘हेल्पेड’, ‘वॉशेड’ म्हणतात, पण खरा उच्चार ‘हेल्प्ट’, ‘वॉश्ट’ असा आखूड होतो. काही शब्दांत जसे बोलले तसे लिहिले गेले आणि ‘टी’ कागदावर आला. लर्न्ट, बर्न्ट, स्पेल्ट, ड्रीम्ट. इंग्लंडात ‘टी’ही चालतो आणि ‘ई-डी’ही. अमेरिकेत बहुधा ‘ई-डी’च लिहितात. ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत दोन्ही शेजारी-शेजारी छापलेले आहेत, ते त्यांनी पान उघडून दाखवले. वर एक गंमत सांगितली. ‘ई-डी’वाला शब्द ‘लर्नेड’ असा लांब म्हटला तर त्याचा अर्थ विद्वान असा होतो. कोर्टात वकील एकमेकांना ‘माझे लर्नेड मित्र’ म्हणतात ते हेच. बाबासाहेब बॅरिस्टर होते, त्यांनी हा शब्द किती वेळा ऐकला असेल!

बाबासाहेबांचे नाव निघाल्यावर मुलीने विचारले, “बाबासाहेब ‘एल’ किती लिहीत असतील?” प्रश्न पोरकट नव्हता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते, नंतर लंडनला. ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ साली लंडनला छापला गेला. ज्या दोन देशांत या ‘एल’चे भांडण, त्या दोन्ही देशांत ते शिकले. गुरुजी म्हणाले, “मला पाठ नाही. ग्रंथ विहाराच्या कपाटात आहेत, तू शोध.” आणि एक सूचना दिली, ती सगळ्या पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दोन्ही रूपे बरोबर असली तरी एका निबंधात एकच वळण धरावे. वर दोन ‘एल’ आणि खाली ‘यू’ नसलेला ‘कलर’ असे केले, तर तपासणाऱ्याला वाटते की याला दोन्ही येत नाहीत. ‘संघटित व्हा’ यातला ‘ऑर्गनाइझ’ शब्दही तसाच, कोणी ‘एस’ लिहितो, कोणी ‘झेड’. ‘झेड’ला लोक अमेरिकेचा समजतात, पण खुद्द ऑक्सफर्डवालेही ‘झेड’च लिहितात. ‘वर्शिप’ म्हणजे पूजा करणे, त्यातही ‘पी’ एक की दोन असा वाद आहे. तो आपण सोडून देऊ, तो शब्द आपल्याला फारसा लागत नाही.

परत येताना मुलगी उड्या मारत होती आणि आमचे पाय जड झाले होते. आमच्या चौथीतले ‘म्हणलं’ डोक्यात घोळत होते. इंग्लंड आणि अमेरिका, दोन श्रीमंत घरे. दोघांनी आपापल्या तऱ्हेने लिहिले. मग पंडितांनी दोन्ही रूपे कोशात शेजारी बसवली आणि दोन्हींना शुद्ध म्हटले. आमच्या मायचे ‘म्हणलं’, ‘सांगलं’, ‘मागलं’ कोणी शेजारी बसवले नाही. खरे तर ‘म्हण’ या धातूपासून सरळ ‘म्हणलं’च होते, ‘म्हटलं’मध्ये ‘ण’ कुठे गेला ते त्या गुरुजींनीही सांगितले नव्हते. आणि मराठीत काय दोन रूपे नाहीत? ‘केले’ही लिहितात, ‘केलं’ही लिहितात, आणि नियमांत दोन्हींना जागा आहे. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, तेव्हा उच्चारात नसलेले अनुस्वार एका फटक्यात गेले. आदल्या दिवशी जे शुद्ध होते ते दुसऱ्या दिवशी जुने झाले. म्हणजे शुद्ध-अशुद्ध ठरवणारी माणसेच असतात.

याचा अर्थ मुलांनी परीक्षेत ‘म्हणलं’ लिहावे असे आम्ही सांगत नाही. परीक्षेत प्रमाण मराठीच लिहावी, मार्क तिलाच आहेत. पण घरात आजी बोलते ते चूक आहे असे पोरांना वाटू देऊ नये. आमच्या घरात ते वाटत होते, आणि त्याला कारण आम्हीच होतो. मुलगी आजीला दोनदा-तीनदा सुधारायला गेली होती, आम्ही हसून सोडून दिले होते.

त्या रात्री आम्ही मुलीला म्हणालो, “चूक आमची झाली.” बापाने असे म्हणायची आमच्यात रीत नाही. ती गोंधळली. मग म्हणाली, “पण पप्पा, ‘व्हिजिटेड’ तर चुकलाच होता.” आणि ती दीडशे शब्दांची वही आणून शंभर शब्दांवर तिने काट मारली. पन्नास ठेवले.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर डिक्शनरी घेऊन क्लासच्या सरांकडे गेलो. भांडायला नव्हे. सर पंचविशीतले, तेही बाहेरगावचे, दिवसा नोकरी करून संध्याकाळी क्लास घेतात. त्यांनी आधी मोबाईल पुढे केला. दोन ‘एल’ लिहिले की खाली लाल रेघ येत होती. “बघा, चूक दाखवतो,” ते म्हणाले. मुलीने विचारले, “सर, मी बघू?” तिने मोबाईल घेतला, भाषेच्या यादीत अमेरिकेचे इंग्रजी होते ते बदलून इंग्लंडचे केले. दोन ‘एल’खालची रेघ गेली. मग तिने एक ‘एल’ लिहून दाखवला, तर रेघ त्याच्याखाली आली. सर जरा वेळ बघत राहिले. मग त्यांनी लाल पेन काढला आणि वजा तीनचे वजा एक केले. “मलाही कोणी सांगितलं नव्हतं,” असे हळूच म्हणाले. आम्हांला त्यांच्यावर राग धरता आला नाही. आमच्यासारखाच तोही लाल रेघेला घाबरणारा माणूस निघाला.

२६ नोव्हेंबरला विहारात संविधान दिनाचा कार्यक्रम होता. मुलीकडे अनुच्छेद १७ इंग्रजीत वाचायचे काम आले, अस्पृश्यता नष्ट करण्याचे कलम. आदल्या रात्री ती मोठ्याने तयारी करत होती. त्या वाक्यात दोन क्रियापदे आहेत, दोन्हींचे तिसरे रूप आहे. एक ‘अ‍ॅबॉलिश्ड’, म्हणजे नष्ट केली. दुसरे ‘फॉरबिडन’, म्हणजे मनाई केली. सवयीने तिने डिक्शनरी उघडली. ‘फॉरबिड’चे दुसरे रूप दोन तऱ्हांनी लिहितात, एकात शेवटी ‘ई’ आहे आणि एकात नाही. पण कलमात जे तिसरे रूप आहे ते एकच. आणि ‘अ‍ॅबॉलिश्ड’ तर इंग्लंडात, अमेरिकेत, सगळीकडे एकाच तऱ्हेने लिहितात.

आजी खाटेवर बसून ऐकत होती. तिला सही पुरते लिहिता येते. पावसाळ्यातले ‘एल’चे भांडण तिने सगळे ऐकलेले होते. ती म्हणाली, “दाव बरं तो शब्द मला.”

मुलीने पुस्तक तिच्या मांडीवर ठेवले आणि शब्दावर बोट ठेवून दाखवला.

“यात ‘यल’ किती हाय?”

“एकच, आजी.”

“अन् तिकडच्या देशात?”

“तिकडेपण एकच.”

आजीने बोट सरकवत एकेक अक्षर मोजले. नऊ भरली. मग तिने पुन्हा पहिल्यापासून मोजली.